ओवेंगाची थरथर

डनेडिन, ४ मार्च २०१३

पा,

सोबत एक डिस्क आणि एक पेनड्राइव्ह आहे. डिस्कवर नाव नाही, नुसता आकडा आहे, म्हणून तुझ्या बोटीवरच्या नायोच्या गाण्यांच्या डिस्कांत टाकून विसरू नकोस. हा आमच्या ‘कोरडी गोदी’ खेळाचा दुसरा भाग. दुकानात यायला अजून पाच महिने आहेत आणि अख्ख्या चॅटम बेटावर तो फक्त तुझ्याकडे आहे. पबमध्ये बढाई मारायची नाही, कुणाला दाखवणार नाही अशी मी सही करून बसले आहे.

आई गेली त्या वर्षी मी घरी होते तेव्हा आपण पहिला भाग सात वेळा संपवला होता, आठवतं? त्या सात वेळांच्या जोरावर मला इथं नोकरी मिळाली असं मी अजूनही मानते. आता माझ्याकडे काम आहे ते हाताचं. म्हणजे कुठलं बटण काय करतं, बंदूक किती जड वाटते, नेम कसा बसतो. फर्गस आमचा वरचा माणूस. तो म्हणाला, जूनपर्यंत हे हाताला बसलं तर काम तुझं, नाही तर तुला पुन्हा झाडं-झुडपं रंगवायला पाठवतो.

आणि बसत नाहीये, पा. बावीस जणांना खेळायला दिलं आणि बावीस मतं आली. इन्व्हरकार्गिलच्या एकाला खेळताना बोट लागल्यासारखं मळमळलं. टिमारूची एक मुलगी म्हणते, पहिल्यांदाच वाटलं की पडद्यावर जिवंत माणूस आहे. एक म्हणतो लढाई मस्त पण हात गोंधळतात. दुसरा म्हणतो हात मस्त पण लढाईत दम नाही. मी कुणाचं ऐकू?

म्हणून तू खेळ. आणि खरं सांग. मुलीचं कौतुक नको. इथं कुणाला माहीत नाही की तू माझा बाप आहेस. यादीत तुझं नाव ‘ओवेंगाचा एक जण’ एवढंच आहे. माहीत झालं तर म्हणतील, ही बापाला विचारून बटणं लावते. प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह परत पाठव, तो लागतो.

मेरे

ओवेंगा, १५ मार्च

पोरी,

डिस्क मिळाली. विमानात कुणाच्या तरी कोंबडीच्या पिलांखाली ठेवली होती, वास अजून गेला नाही. चार दिवस दक्षिणेचा वारा लागला, बोट काढता आली नाही. तुझ्या नशिबानं मला खेळायला वेळच वेळ.

खरं सांग म्हणालीस, तर ऐक. पहिलं गाऱ्हाणं भिंतीचं. पळायचं आणि आडोसा घ्यायचा, दोन्ही एकाच बटणावर ठेवायची अक्कल कुणाची? मी जीव मुठीत घेऊन पळतोय, मागे सहा जण, आणि खेळातला तुमचा हॅल्डन वाटेतल्या प्रत्येक भिंतीला मिठी मारतो, जशी काही बऱ्याच वर्षांनी चुलतबहीण भेटली. दुसरं, गोदीतले दोर. तसल्या गाठी मारणाऱ्याला मी बोटीवर भांडी घासायलाही घेणार नाही. तिसरं, दोन्ही भाग मिळून मी त्या माणसाची पाठच बघत आलोय. कॅमेरा कायम मागे. एकदा तोंड दाखवा की. तो लग्नाचा आहे की माझ्यासारखा साठीला आलाय, काही कळत नाही.

आता चांगलं. मारामारी आधीपेक्षा शंभर पटींनी बरी. बंदुकीला वजन आहे. गोळी सुटली की खांद्याला कळतं. कोलांटी मारून उठलं की बंदूक आपोआप जागेवर येते, हे फार छान केलंय. धावत्या लढाईत माझा नेम अजून चुकत नाही. नायो बघत होती, तिला विचार. (ती अजूनही माझ्याच बोटीवर आहे, अजूनही एकाच वेळी दोन सँडविच खाते.)

पण लपून बसलं की डोक्याला ताप. धान्याच्या त्या उंच सायलोच्या माथ्यावर पालथं पडायचं, खालून पहारेकरी येईस्तोवर वाट बघायची, तेवढ्या वेळात नेमाची ती फुली थरथरत राहते. डावी-उजवी, डावी-उजवी. पहारेकरी आला, मी हात हलवला, की थांबते. गोळी लागते. पण वाट बघताना नुसता वैताग. पहिल्या भागात फुली खांबाला ठोकल्यासारखी उभी असायची. हे मुद्दाम केलं असेल तर ज्यानं केलं त्याला माझ्याकडून एक लाथ.

शेवंडी बऱ्या मिळताहेत. वारा नाही लागला तर अजून मिळतील.

तुझा पा

डनेडिन, २७ मार्च

पा,

ती लाथ मी खाल्ली. फुली मीच हलवली आहे.

त्याला आम्ही ‘श्वास’ म्हणतो. हॅल्डन दमला असेल, घाबरला असेल, तर त्याची बंदूक दगडासारखी कशी राहील? म्हणून पालथा पडला की त्याच्या छातीबरोबर नेम वर जातो, खाली येतो. चार सेकंदांत एकदा वर, एकदा खाली. टिमारूच्या मुलीला जिवंत वाटलं ते ह्याच्यामुळेच. आणि इन्व्हरकार्गिलवाल्याला बोट लागली तीही ह्याच्यामुळेच. एकानं तर लिहिलं, मला श्वास हवा असेल तर मी खिडकी उघडेन. हा माझा एकटीचा शोध आहे आणि फर्गसला तो मुळापासून उपटायचा आहे. आठवडाभर मी माझ्या खुर्चीत नीट बसलेली नाही. उठते, पाणी पिते, पुन्हा बसते, पुन्हा सायलोवर चढते, पुन्हा श्वास मोजते.

पण तू ‘डावी-उजवी’ लिहिलंस. श्वास डावा-उजवा जात नाही, पा, वर-खाली जातो. आणि तू ‘थरथर’ लिहिलंस. चार सेकंदांना कुणी थरथर म्हणत नाही. नीट बघून सांग, हळू जाते की भराभर? कंट्रोलर जुना असेल तर अंगठ्याखालची दांडी सैल होते आणि फुली एका बाजूला सरकत राहते. दुसरा कंट्रोलर पाठवते आहे, तो लावून बघ. आणि नायोला खेळायला बसव. तिच्या हातात काय होतं?

आडोशाचं बटण वेगळं केलं. तुझी चुलतबहीण आता आपण बोलावल्याशिवाय भेटणार नाही. गाठींचं चित्रकारांना सांगितलं तर ते रुसले.

आणि तुझं अक्षर एवढं बारीक का झालंय? बेटावर कागद महागला का? ओळ संपता संपता तर मुंग्याच निघाल्यात वारुळाकडे. मी भिंग घेऊन वाचलं.

मेरे

ओवेंगा, ९ एप्रिल

पोरी,

अक्षराचं म्हणशील तर चष्मा बदल. रोज पडदा बघून डोळे गेले तुझे.

नवा कंट्रोलर लावला. तेच. फुली भराभर हलते, बोटीचं इंजिन बंदरात नुसतं चालू ठेवलं की कप कसा थरथरतो तशी. वर-खाली तो तुझा श्वासही आहे, तो दिसतो, तो मला आवडला खरं तर, लाटेवर झोपल्यासारखा आहे. पण त्याच्यावर ही दुसरी थरथर. नायोला बसवलं. ती म्हणाली, “काका, इथं तर नुसतं वर-खाली होतंय, तुम्ही कुठल्या थरथरीचं म्हणताय?” तिचं काय, ती बसल्या जागी कधी वाट बघते का? दार दिसलं की आत घुसते आणि सगळ्यांना मारते. तिच्या म्हणण्याला काही अर्थ नाही. मी कंट्रोलर पुन्हा घेतला, ती स्वयंपाकघरात गेल्यावर, आणि होती थरथर तिथंच.

हल्ली वस्तूच नीट बनवत नाहीत. बुधवारी शेवंडीच्या पिंजऱ्याचा दोर हातातून सुटला, वर तरंगणाऱ्या बोयासकट गेला. नवीन दोर, गुळगुळीत, पकड म्हणून नाही. नायो आठवडाभर बहिणीकडे गेली होती म्हणून मी एकटाच होतो, नाही तर तिनं धरला असता. दाढीचं पातं नवीन आणलं तर त्यानं गाल कापला. कपांचे कान लहान झालेत. तुमच्या खेळाचं तेच. पहिला भाग कसा होता, दणकट.

शाळेचे मास्तर येऊन गेले. त्यांना मी काही दाखवलं नाही, सहीची आठवण ठेवून. पण ते पहिल्या भागाचं सांगत होते. त्यांना त्यातली लढाई आवडायची आणि बटणं आवडायची नाहीत. मला दोन्ही आवडायचं. सांगायचा मुद्दा, सगळ्यांना खूश करायला गेलीस तर हाती काही लागणार नाही. पण ही थरथर काढ. ती काढल्याशिवाय हा खेळ विकू नका. माझ्यासारखा म्हातारा वाट बघत बसणारा असतो, त्याचं काय?

पेनड्राइव्ह सोबत.

तुझा पा

डनेडिन, २२ एप्रिल

पा,

बस आधी. बसलास? ऐक.

सोमवारच्या बैठकीत मी उभी राहिले आणि माझ्याच श्वासाविरुद्ध बोलले. तुझं पत्र समोर धरून. (घडी घालून, वरचं ‘पोरी’ दिसणार नाही असं.) म्हटलं, ओवेंगाचा एक जण आहे, पहिला भाग त्याच्याइतका कुणी खेळला नसेल, त्याला धावताना काही त्रास नाही, वाट बघताना फुली भराभर थरथरते, कंट्रोलर बदलला तरी थरथरते. बाकीच्या बावीस जणांना नेमकं काय खटकतंय हे नीट सांगता येत नव्हतं, ते ह्यानं सांगितलंय. माझ्या श्वासात कुठंतरी हिशेब चुकलाय.

फर्गस माझ्याकडे बघतच राहिला. स्वतःच्या पोराला स्वतःच नापास करणारी आई त्यानं पाहिली नसावी. मग म्हणाला, “हा ओवेंगाचा माणूस बारीक बघतो. अजून असे चार मिळाले तर माझ्या डोक्यावर केस राहतील.”

दोषांच्या यादीत तुझी थरथर अकराशे सत्तेचाळीस नंबरला गेली. नाव ‘ओवेंगाची थरथर’. पाच दिवस तिघं जण तिच्या मागे होते. आमच्या सगळ्या यंत्रांवर सायलो चढून झाला, एकालाही ती दिसली नाही. शेवटी ठरलं, श्वास बंद करायचं बटणच देऊन टाकू. ज्याला हवा त्यानं ठेवावा, नको त्यानं बंद करावा. मी ते बटण पहिल्याच पानावर ठेवलंय, आंधळ्यालाही सापडेल असं. नव्या डिस्कवर आहे, सोबत पाठवते.

आता सगळं तुझ्यावर आहे आणि हे मी उगाच म्हणत नाही. श्वास बंद केल्यावर थरथर गेली तर दोष श्वासाचा होता, आम्ही सुटलो, खेळ ठरल्या दिवशी येईल आणि माझं काम मला मिळेल. नाही गेली तर दोष कुठंतरी खोल आहे, आणि मग सगळंच उघडून बघावं लागेल. इथं पन्नास माणसं तुझ्या पत्राची वाट बघताहेत आणि तू कोण हे त्यांना माहीत नाही. मला एकटीला माहीत आहे, आणि मला अभिमान वाटतो, पा. आता एकदा तरी कौतुक करू दे.

एकटा समुद्रावर जाऊ नकोस. नायो नसेल तर बोट राहू दे. गेला दोर तर गेला, तू त्याच्याबरोबर जाऊ नकोस.

मेरे

ओवेंगा, ६ मे

मेरे,

श्वास बंद करून बघितलं. थरथर गेली. फुली खांबासारखी उभी राहते. खेळ आता अगदी व्यवस्थित आहे. त्यांना सांग, ठरल्या दिवशी विका.

आणखी डिस्क पाठवू नकोस. काम फार आहे.

पेनड्राइव्ह आहे सोबत.

पा

डनेडिन, २० मे

पा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी फर्गसनं केक आणला. त्याच्यावर आकडा लिहिला होता, ११४७, आणि त्याच्यावर काट मारली होती. जूनपासून काम माझं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी तुझ्या नावानं मोठा तुकडा खाल्ला.

मग मी जागेवर आले आणि तुझा पेनड्राइव्ह लावला. इतके दिवस मी तो उघडलाच नव्हता. तुझी पत्रं होती ना, मग कशाला उघडायचा? आणि तुझा म्हणून दुसऱ्या कुणाला दिलाही नव्हता. त्या दिवशी उघडला तोही मजा म्हणून. खांबासारख्या फुलीनं तू किती पहारेकरी टिपलेस ते मोजायचं होतं, फर्गसला सांगायचं होतं.

पा, त्या पेनड्राइव्हवर तू कुठवर पोचलास एवढंच उतरत नाही. तुझा अंगठा दांडीवर कधी, किती, कुठल्या बाजूला हलला ते सगळं उतरतं. मी तुला हे सांगायला हवं होतं.

श्वास बंद आहे. तू तो बंद केल्याचं दिसतं, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. तू सायलोवर चढलास. पालथा पडलास. आणि दांडी हलते आहे. डावी-उजवी, सेकंदाला पाच वेळा. यंत्रात खोट असती तर ती एकाच बाजूला सरकली असती. ही तशी नाही. पहारेकरी आला, तू नेम धरलास, की थांबते. पुन्हा शांत बसलास की पुन्हा सुरू. मग मी त्याच्यावरच्या आधीच्या दोन्ही वेळच्या नोंदी काढल्या. मार्चपासून तेच आहे. आमची तीन माणसं पाच दिवस आमच्या यंत्रांत जे शोधत होती ते आमच्या यंत्रांत कधी नव्हतंच.

मग मी तुझी पत्रं काढली. मी तेराव्या वर्षी बेट सोडून शाळेला आले तेव्हापासूनची सगळी आहेत माझ्याकडे. जमिनीवर ओळीनं मांडली. दोन वर्षांपूर्वी एका पानावर अठरा ओळी मावायच्या. आता बत्तीस मावतात. मी मुंग्या म्हणून हसले होते.

दोर, पातं, कपाचे कान. पा, कपांचे कान लहान झालेले नाहीत.

ह्याला काय म्हणतात ते मी शोधलं. कंपवात असू शकतो, दुसरंही काही असू शकतं, मी डॉक्टर नाही, मी पुस्तक मिटून टाकलं. पण तुला माहीत आहे. सहा मेच्या पत्रात तू मला ‘पोरी’ म्हटलेलं नाहीस. तू मला खोटं लिहिलंस, आणि मी ते पन्नास माणसांना वाचून दाखवलं.

मी चिडले आहे आणि मला भीती वाटते आहे, आणि दोन्ही एकदम होत असल्यामुळे हातात धरलेलं काहीच पूर्ण होत नाही. इथं कुणाला काही सांगितलेलं नाही. यादीत अजून ‘दुरुस्त झालं’ असंच आहे. तू मात्र एकटा बोट काढू नकोस. पिंजऱ्याच्या दोरात पाय अडकला आणि हातानं साथ दिली नाही तर पेनड्राइव्हवर उतरणार नाही ते. मंगळवारच्या विमानानं क्राइस्टचर्चला ये, मी गाडी घेऊन येते, मोठ्या इस्पितळात दाखवू. तू नाही म्हणशील. मी तरी लिहिते आहे.

मेरे

डनेडिन, ३ जून

पा,

दोन आठवडे झाले. विमानं येताहेत, पत्र नाही. फोन केला तर नायोनं उचलला, म्हणाली तू समुद्रावर आहेस. मी विचारलं, एकटा? ती म्हणाली, “लिहितील ते,” आणि ठेवून दिला. नायो कधी फोन आधी ठेवते का?

आज कामाचा पहिला दिवस. मला बटणं लावायची होती आणि मी दिवसभर चॅटम बेटांचं हवामान बघत बसले.

दोन ओळी लिही. बारीक लिही. मी वाचेन.

मेरे

ओवेंगा, ५ जून

पोरी,

तुझं वीस तारखेचं पत्र मी खिशात घालून समुद्रावर नेत होतो आणि तसंच परत आणत होतो. ओलं होऊन त्याची घडी फाटली, पण सगळं पाठ झालंय. तीन तारखेचं आज आलं. त्याच्यावर मात्र राग नाही धरता आला.

मी खोटं लिहिलं. आता खरं लिहितो.

त्या दिवशी उत्तरेचा वारा होता, बोट काढण्यासारखा दिवस होता, पण मी काढली नाही. तुझी डिस्क लावली. तुझं ते बटण लगेच सापडलं. श्वास बंद केला आणि सायलोवर चढलो. पालथा पडलो. फुली थरथरत होती. मी कंट्रोलर उचलून टेबलावर ठेवला आणि हात मांडीखाली घेतले. फुली उभी राहिली, अगदी खांबासारखी. पुन्हा हातात घेतला. थरथर. पुन्हा टेबलावर ठेवला. असं मी किती वेळा केलं ते तुझ्या पेनड्राइव्हला विचार, मी मोजलं नाही. पहारेकरी खालून येऊन गेले, एकदा तर हॅल्डनला मारूनही गेले, तरी मी ठेवत होतो आणि उचलत होतो.

मग तुला लिहायला बसलो. तुझी माणसं वाट बघत होती. त्यांच्या खेळात काही खोट नव्हती, मग मी आणखी काय लिहायचं? खेळ व्यवस्थित आहे असं लिहिलं, तेवढं खरंच होतं. ‘पोरी’ लिहायला गेलो तर हात उठला नाही. खोट्याच्या वर ते कसं लिहू?

एकटा गेलो नाही मी, तुझ्या त्या पत्रानंतर एकदाही नाही. नायो होती. (फोनवर तिनं मी समुद्रावर आहे म्हणून सांगितलं ते मीच सांगायला लावलं होतं, मी शेजारीच बसलो होतो.) गेल्या गुरुवारी पिंजरे ओढताना मी तिला म्हटलं, “आजपासून सुकाणू तू धर.” मला वाटलं विचारेल, का म्हणून. ती म्हणाली, “काका, नाताळपासून वाट बघतेय तुम्ही कधी बोलताय त्याची. तुम्ही मला चहाचा कप नेहमी अर्धाच भरून देता.” नाताळपासून! मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणे, “बोट तुमची, हात तुमचा, मी कशी बोलू?” तिला दोन शिव्या दिल्या आणि सुकाणू दिलं. चांगली चालवते. माझ्यापेक्षा जोरात वळवते एवढंच. मी मागे बसून तिची पाठ बघत आलो बंदरापर्यंत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

रडलो थोडा. वारा होता, कुणाला कळलं नाही.

इथल्या नर्सबाईंनी हात बघितला, बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, मग चिठ्ठी लिहून दिली. मंगळवारच्या विमानाचं तिकीट काढलंय. हे पत्र त्याच्या आधीच्या विमानानं येईल. विमानतळावर तोंड पाडून उभी राहू नकोस, मी काही मेलेलो नाही. आणि जेवायला घालशील ते मासे सोडून काहीही घाल.

आता कामाचं. फर्गसला सगळं सांग. बाप होता म्हणून सांग, आणि खोट यंत्रात नव्हती म्हणून सांग. तुझं काम तुझ्या अकलेवर मिळू दे, माझ्या खोटेपणावर नको. त्यानं केक परत मागितला तर मी देईन.

पण एक ऐक. तो तुझा श्वास काढू देऊ नकोस त्याला. ज्यांना बोट लागते त्यांना लागू दे. मला मार्चात पहिल्यांदा फुली हलताना दिसली ना, तेव्हा माझं मन एकदम हलकं झालं होतं. त्याच्या आधी वर्षभर मी हाताकडे बघायचं टाळत होतो. म्हटलं, चला, हे खेळातच आहे, सगळ्यांचीच हलत असणार. तुला शिव्या घालत होतो पण बरं वाटत होतं. दोन महिने मी नुसता तुमच्या खेळावर चिडलेला माणूस होतो, आजारी नव्हतो. तेवढे मला हवे होते, पोरी.

बंद करायचं बटण ठेव. फक्त पहिल्या पानावर ठेवू नकोस. आत कुठंतरी ठेव, शोधायला थोडा वेळ लागेल असं.

तुझा पा